लग्न ठरतंय, पण 'हप्त्याचं आईला सांगू नकोस' म्हणतोय

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज लिहितेय कारण घरात ज्याला विचारावं तो आधीच कुठल्या तरी बाजूचा आहे.

मी २७ वर्षांची, मूळची सांगलीची, नोकरी पुण्यात. २०१९ च्या महापुरात आमचं गावभागातलं भाड्याचं घर पाण्याखाली गेलं. त्यानंतर बाबांनी हाय खाल्ली आणि विश्रामबागेत फ्लॅट घेतला. बाबा साखर कारखान्यात होते, निवृत्ती जवळ आलेली, त्यामुळे बँक एकट्याला कर्ज देईना. मला नुकतीच नोकरी लागली होती, मी सहकर्जदार झाले. हप्ता २१ हजार. बाबा निवृत्त झाल्यापासून तो पूर्ण मी भरते. माझ्या हातात महिन्याला ६८ हजार येतात. धाकटा भाऊ इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कर्ज अजून नऊ वर्षं आहे.

आता एक स्थळ आलंय. मुलगा कोल्हापूरचा, नोकरी हिंजवडीत. २६ गुण जुळले. माणसं चांगली वाटली आणि मुलगा मला आवडलाय. हे आधीच सांगते, नाहीतर 'सोडून दे' म्हणणारे दहाजण येतील.

आम्ही दोघंच भेटलो तेव्हा मी त्याला सांगितलं की लग्नानंतरही हप्ता मीच भरणार. तो म्हणाला, "भर की. पगार तुझा आहे." फार बरं वाटलं. मग उठता उठता म्हणाला, "फक्त आईला आत्ता काही सांगू नकोस. लग्न झालं की मी बघतो."

आई म्हणते मुलगा शहाणा आहे, तू कशाला उकरून काढतेस. बाबांचं तिसरंच. लेकीचं लग्न झालं की तिच्या पैशाला हात लावणार नाही, फ्लॅट विकून टाकतो, हा त्यांचा हेका.

तिकडच्यांना आषाढी एकादशीच्या आत साखरपुडा हवाय आणि तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. त्याआधी बोलणीची बैठक. तिथे मी हा विषय काढू का? आमच्याकडे बैठकीत मुलीने तोंड उघडायची पद्धत नाही, चहाचा ट्रे ठेवून आत जायचं.

दोडका

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शतकी धागा होणार.

बकुळी

दोडका, जरा दम धर, पोरगी खरंच अडचणीत आहे.

कृष्णाकाठची, बैठकीत नको. बैठकीत मामा, काका, आत्याचे यजमान, मध्यस्थ असे दहा-बाराजण असतात आणि प्रत्येकाला काहीतरी बोललंच पाहिजे असं वाटतं. मानपानाच्या साड्यांवरून ताणलेल्या बैठका मी पाहिल्यात, तिथे हप्ता निघाला तर कुणीतरी उगाच 'आमच्यात असं नसतं' म्हणणार आणि मग ज्याला चाललं असतं त्यालाही माघार घेता येणार नाही. पण बैठकीआधी तिकडे कळलं पाहिजे, हे नक्की. आणि ते मुलाने सांगायचं.

वऱ्हाडी_ठेचा

मले एक सांगा, पोरगा मायबापाले पैसे देते त श्रावणबाळ. पोरीनं देल्ले त माहेरची ओढ. काहून बा?

निवांत_नाशिक

ठेचा, +१.
मी मात्र वेगळं सांगतो. मुलगा म्हणतोय ते व्यवहाराला धरून आहे. आपल्या आईला कधी काय सांगायचं हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आत्ता सांगितलं तर ती अनोळखी मुलीचं कर्ज म्हणून ऐकेल, वर्षभराने सुनेची अडचण म्हणून ऐकेल. माझ्या बायकोच्या माहेरी आम्ही दर महिन्याला पैसे पाठवतो, माझ्या आईला ते फार उशिरा कळलं, तोवर तिचं सुनेवाचून पान हलेनासं झालं होतं. काही बोलली नाही. सगळं सगळ्यांना लग्नाआधी सांगायचं म्हटलं तर एकही लग्न व्हायचं नाही.

खडूस_शाखाधिकारी

जन्म बँकेत गेला, म्हणून बँकेचंच बोलतो. नाशिककरांचा उपाय इथे चालणार नाही. ते रोख किंवा खात्यातून पैसे पाठवत होते, ते कुणाला दिसत नाहीत. गृहकर्ज दिसतं.

सहकर्जदाराच्या सिबिल अहवालात, म्हणजे बँका बघतात त्या कर्ज-परतफेडीच्या नोंदीत, अख्खं कर्ज दिसतं, अर्धं नाही. उद्या हे दोघं वाकडला किंवा ताथवड्याला फ्लॅट बघायला जाणार. हिंजवडीची नोकरी म्हणजे ते ठरलेलंच. बँक दोघांचा पगार धरेल आणि हिच्या पगारातून आधी २१ हजार वजा करून मग किती कर्ज झेपतं ते काढेल. आकडा अपेक्षेपेक्षा बराच खाली येईल. त्या दिवशी मुलाचे वडील विचारतील, एवढं कमी का? मग काय सांगणार?

लग्नानंतर दोन वर्षांनी, नव्या घराच्या टोकन रकमेवर पाणी सोडताना हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. लपवायचं की नाही हा नीतीचा प्रश्न बाजूला ठेवा. हे लपणारच नाही.

आणि सहकर्जदार म्हणून बाहेर पडणं 'बाबा नको म्हणाले' एवढ्यावर होत नसतं. बँकेला दुसरा कमावता माणूस दाखवावा लागतो. भाऊ दुसऱ्या वर्षाला. विषय संपला.

कृष्णाकाठची

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिल्याच भेटीत मुलाचे वडील म्हणाले होते की दोघांच्या पगारावर पुण्यात टू बीएचके सहज बसेल. मी मान डोलावली होती.

बकुळी

म्हणजे त्यांनी तुझा पगार मोजलाय. मग तुझं कर्जही मोजू देत.

चिंगी_डोंबिवली

बकुळी, मारलास षटकार.

वरमाई_होऊ_घातलेली

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, शिव्या पडतील याची कल्पना आहे.

माझ्या मुलासाठी सध्या मुली बघतोय. एका मुलीने असंच सांगितलं होतं, आईच्या औषधपाण्याचा खर्च तिच्याकडे आहे म्हणून. मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते. पैशाचं वाटलंच नाही. वाटलं, आता प्रत्येक गोष्टीत तिकडचा विचार आधी होणार. दिवाळीला कुठे, सुट्टीला कुठे, मूल झालं की बाळंतपणानंतर कुठे राहणार. वाटणं बरोबर होतं असं म्हणत नाही. पण सासवांच्या मनात पैशापेक्षा हेच असतं, आणि ते कुणी उघड बोलत नाही म्हणून ते मानपानाच्या साडीतून बाहेर पडतं.

त्या मुलीने मला थेट सांगितलं म्हणून मी विचार तरी केला. मुलाकडून मागाहून कळलं असतं तर मी तिलाच दोषी धरलं असतं. त्याला नाही. आईचं मन असंच असतं, मुलाला कायम सूट मिळते. म्हणून सांगते कृष्णाकाठची, 'सांगू नकोस' हे त्याचं वाक्य असलं तरी त्याची किंमत तू मोजशील.

दोडका

पॉपकॉर्न खाली ठेवले. वरमाई, दंडवत.

निवांत_नाशिक

शाखाधिकारी आणि वरमाई दोघांचंही पटलं. माझ्या वेळी आम्ही घर घ्यायच्या भानगडीत पडलो नाही म्हणून निभावलं, असं दिसतंय.

अ‍ॅडव्होकेट_खमकी

थोडं कायद्याचं, कारण बाबांचा हेका वाचून राहवलं नाही.

'लग्न झालेल्या मुलीने आईवडिलांना द्यायचं नसतं' हे कायद्यात कुठेच नाही. उलट आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातलंच एक प्रकरण गेलं होतं. कल्याणला दवाखाना असलेल्या विवाहित डॉक्टर मुलीकडून वडिलांनी पोटगी मागितली होती. मुलीचं म्हणणं, ही जबाबदारी फक्त मुलाची. न्यायालयाने ते मानलं नाही. स्वतःची कमाई असेल तर विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी येते. पूर्वीचं फौजदारी संहितेचं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. १९५६ चा दत्तक व पोषण कायदा तेच सांगतो, आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही.

थोडक्यात, बाबांना जे लाजिरवाणं वाटतंय ते त्यांचा हक्क आहे.

दोडका

बैठकीत कलम १४४ काढलं तर तारीख नक्की मिळेल, पण कोर्टाची.

अ‍ॅडव्होकेट_खमकी

म्हणून तर बैठकीत नको, बाबांना घरी वाचून दाखव म्हणतेय. :)

शेवगा

एक काडी टाकू का? फ्लॅट कुणाच्या नावावर आहे? आज २१ हजार ही भरणार, उद्या भाऊ कमावता होणार, त्याचं लग्न होणार, आणि एक दिवस ताई राखीला आली की ताटाशेजारी हक्कसोडपत्र आणि पेन. आमच्याकडे तीन आत्यांनी अशाच सह्या केल्या. साडी मिळाली प्रत्येकीला.

चिंगी_डोंबिवली

पण २००५ च्या कायद्याने मुलींना समान वाटा आहे ना आता?

अ‍ॅडव्होकेट_खमकी

चिंगी, २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. महाराष्ट्राने तशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती. इथे फ्लॅट बाबांनी स्वतः घेतलेला. त्यांच्या हयातीत तो त्यांचाच, मृत्युपत्र करून कुणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्याच उत्तराधिकार कायद्याने आई, मुलगा, मुलगी समान वाटेकरी. पण तिने फेडलेले लाखो रुपये त्या वाटणीत आपोआप मोजले जात नाहीत. म्हणून शेवगा म्हणतो ते बघितलंच पाहिजे. इंडेक्स-२, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा सरकारी उतारा, काढ आणि तुझं नाव त्यात आहे का बघ. बऱ्याच मुली कर्जात असतात आणि खरेदीखतात नसतात. तसं असेल तर जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावटही मिळत नाही.

कृष्णाकाठची

खरेदीखतात आई-बाबांची नावं आहेत. माझं नाही. भावाबद्दल असं काही लिहू नका प्लीज, तो खूप गुणी आहे. त्याला हप्त्याचं माहीत आहे आणि तो स्वतःहून म्हणतो की नोकरी लागली की मी भरेन.

शेवगा

गुणी असेलच. माझे बाबाही गुणीच होते, आत्यांचे लाडके भाऊ. कागद गुणी माणसांच्यातच करायचा असतो, भांडण झाल्यावर कोण सही करतंय.

वऱ्हाडी_ठेचा

अवांतर: छत्तीस गुणांत नाडीले आठ अन् भकूटाले सात गुण हायत. कर्जाच्या हप्त्याले एकबी नाही. गुरुजींनं पत्रिकेसोबत सिबिलबी मागाव.

दोडका

सिबिल ७५० च्या वर असेल तर मंगळ माफ.

खडूस_शाखाधिकारी

हसा. माझ्या शेवटच्या शाखेत एक गृहस्थ होणाऱ्या जावयाचं खातं नियमित आहे का, एवढंच सांगा म्हणून आले होते. परत पाठवलं. पण माणूस चुकीच्या खिडकीवर आला होता, प्रश्न बरोबर होता.

कृष्णाकाठची, एक विचारायचं राहिलं. लग्नाचा खर्च कोण करतंय?

कृष्णाकाठची

अर्धा अर्धा ठरेल असं वाटतंय. बाबांनी पीएफमधले ८ लाख बाजूला काढून ठेवलेत माझ्या लग्नासाठी. त्याला हात लावायचा नाही म्हणतात.

खडूस_शाखाधिकारी

आता बसा सगळे.

२१ हजारांचा हप्ता, नऊ वर्षं बाकी, व्याज साडेआठच्या आसपास धरतो. म्हणजे मुद्दल साधारण पावणेसोळा लाख शिल्लक आहे. त्यात हे ८ लाख आज भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज नऊऐवजी पावणेचार वर्षांच्या आत संपतं. तरत्या व्याजदराच्या गृहकर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

म्हणजे वडील लेकीचे पैसे घ्यायच्या लाजेखातर फ्लॅट विकायला तयार, आणि त्याच लेकीच्या लग्नात कार्यालयाला, केटररला ८ लाख द्यायला तयार. आणि राहणार कुठे? कारखान्याची पेन्शन म्हणजे ईपीएस-९५, पीएफवाल्यांची १९९५ ची पेन्शन योजना. पगार १५ हजारांपर्यंतच धरायचा, सेवेच्या वर्षांनी गुणायचा, सत्तरने भागायचा. तीस वर्षं झालेल्या माणसालाही साडेसहा हजारांच्या फार वर मिळत नाही. त्यात सांगलीत भाडं भरणार की जेवणार?

बकुळी

काका, हे तुम्ही तिच्या बाबांना फोनवर सांगा हो.

चिंगी_डोंबिवली

नोंदणी पद्धतीने करून टाका! आम्ही विशेष विवाह कायद्याने केलं. नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदार, सही, झालं. संध्याकाळी घरच्या माणसांना जेवण.

निवांत_नाशिक

चिंगी, तुमचं प्रेमलग्न असणार. ठरवून केलेल्या लग्नात असं सुचवणंच अवघड. ज्या माणसाने चाळीस वर्षं इतरांच्या लग्नात आहेर केलाय, तो स्वतःच्या मुलीच्या वेळी 'रजिस्टर केलं' म्हणून कसं सांगेल? कारखान्यातले लोक, भावकी, सगळ्यांच्या पंगतीला जेवून आलेत बाबा. हिशेब बरोबर आहे काकांचा, पण बाबांचा हिशेब वेगळ्या वहीत आहे. त्याची टिंगल करू नका.

वरमाई_होऊ_घातलेली

नाशिककर, हे अगदी बरोबर. आणि मुलाकडच्यांनाही हौस असते, मी खोटं का बोलू. पण हौस कुठे कापायची हे विचारलं तर निम्म्या गोष्टींवर आम्हीही 'नको' म्हणतो. कुणी विचारतच नाही. दोन्हीकडचे एकमेकांसाठी म्हणून खर्च करत बसतात. माझ्या भाचीच्या लग्नात फेट्यांवर भांडण झालं, आणि मागाहून कळलं की फेटे कुणालाच नको होते.

कोल्हापुरी_जवस

आमच्या गावच्या सासवांची बाजू घ्यायला कुणीतरी पाहिजे म्हणून आलो. कोल्हापूरची बाई तोंडाने तिखट असती, पण तोंडावर बोललेलं तिला चालतंय. पाठीमागचं चालत नाही. पोराला सांग, आईसमोर बस आणि सांग. तुझ्यात तेवढा दम नसेल तर हप्ता हा पहिलाच विषय आहे, पुढं लई विषय येणार आहेत म्हणावं.

वऱ्हाडी_ठेचा

जवसभाऊ, एक नंबर बोलले.

कृष्णाकाठची

अपडेट देते, बऱ्याच जणांनी विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) विचारलं.

मी त्याला काकांचं सिबिलचं गणित सांगितलं. आधी म्हणाला, तेव्हाचं तेव्हा बघू. मग मी म्हटलं, बैठकीच्या आधी आईला तू सांग, नाहीतर मी फोन करते. तो चिडला. 'आत्तापासून अटी' असंही म्हणाला, ते मला लागलंय, अजून गेलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, सांगितलं म्हणून. बैठक पुढे ढकलली आहे.

मग त्याच्या आईंचा मला फोन आला. मी घाबरून गच्चीवर गेले. त्यांनी आवाज वगैरे चढवला नाही. दोनच गोष्टी विचारल्या. हे कधीपर्यंत चालणार, आणि फक्त हप्ता की भावाचं शिक्षणही? मला सोपं उत्तर देता आलं असतं. पण मी म्हटलं, शिष्यवृत्ती कमी पडली तर त्याच्या फीलाही मी देणार. त्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "आमच्या पुण्याच्या घराचं मग गणित परत मांडावं लागेल. ह्यांच्याशी बोलते." बस, एवढंच. राग होता की नव्हता, मला कळलं नाही.

बाबांना खमकीताईंचं १९८७ चं प्रकरण वाचून दाखवलं. म्हणाले, मी काय माझ्या लेकीला कोर्टात खेचणाराय का? मुद्दा भलतीकडेच गेला. पण काकांचा ८ लाखांचा हिशेब आईने वहीत उतरवून त्यांच्यासमोर ठेवला, तो त्यांनी बराच वेळ बघितला. रजिस्टर लग्नाला ठाम नाही. कार्यालय होणार, भावकीचं जेवण होणार. पण ४ लाख कर्जात भरतो म्हणाले, आणि फ्लॅट विकायचं तूर्त बोलत नाहीत.

बकुळी

अगं, हे खूप झालं! आणि 'आत्तापासून अटी' चं त्याच्याशी नीट बोल. ते तसंच ठेवून साखरपुडा करू नकोस.

निवांत_नाशिक

त्याचीही बाजू बघा. बिचाऱ्याने दोन दिवसांत आईलाही तोंड दिलं आणि हिलाही. चिडण्याचा एक प्रसंग माफ असावा.

बकुळी

माफ आहे हो, पण न बोलता नको.

शेवगा

बाबा ४ लाख भरतायत तर त्याच फेरीत नावाचंही बघा. गुणी भाऊ आहे तोवरच.

अ‍ॅडव्होकेट_खमकी

शेवगा सुटत नाही. :) पण ऐक त्याचं. बक्षीसपत्राने हिस्सा तुझ्या नावावर करता येतो, फ्लॅट बँकेकडे तारण असल्यामुळे आधी बँकेची संमती लागेल. ते जड वाटत असेल तर बाबांनी मृत्युपत्रात तुझ्या परतफेडीचा उल्लेख करून हिस्सा लिहावा. हे लग्नाच्या आधी झालं तर बरं, नंतर केलं की सासरच्यांनी करायला लावलं असं म्हणायला लोक मोकळे.

खडूस_शाखाधिकारी

४ लाखांनी नऊ वर्षांची सहा होतील. मात्र भरताना शाखेत लेखी द्या: हप्ता तोच, मुदत कमी. न सांगता भरलं तर काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात, आणि मग व्याज बरंच कमी वाचतं. नवीन परतफेडीचा तक्ता छापून घ्या. तोच तक्ता कोल्हापूरच्या बाईंना दाखवायला उपयोगी पडेल. 'कधीपर्यंत' विचारलंय ना त्यांनी? तारीख दाखवा.

वरमाई_होऊ_घातलेली

काका, तक्ता नको हो पहिल्याच भेटीत. आधी चहा घेऊ देत. त्यांनी मागितला तर पर्समध्ये असू दे.

कोल्हापुरी_जवस

पर्समध्ये तक्ता आणि हातात भडंग. सांगलीची आहेस, रिकाम्या हातानं आलीस तर हप्त्यापेक्षा त्याचीच चर्चा हुईल.

चिंगी_डोंबिवली

आणि साखरपुडा? आषाढीच्या आत?

कृष्णाकाठची

नाही होत आता. त्याच्या आईंनी रविवारी मला एकटीला कोल्हापूरला बोलावलंय, तो नसणार म्हणाल्या. आई म्हणते जाऊ नको, बाबा म्हणतात जा. काका, तक्ता बँकेच्या अ‍ॅपवरून निघतो की शाखेतच जावं लागेल?

खडूस_शाखाधिकारी

अ‍ॅपवर निघतो. पण पैसे भरल्यानंतरचा काढा, आत्ताचा नको.